साठ हर्ट्झचा सूर

हॅमंड ऑर्गन चालू करायला दोन बटणं असतात, आणि घाईच्या माणसाची ती डाळ शिजू देत नाहीत. आधी ‘स्टार्ट’चं बटण दाबून धरायचं, सात-आठ सेकंद. आतली छोटी मोटर फिरू लागते, घरघर वर वर चढत जाते. मग पहिलं बटण न सोडता दुसऱ्या हाताने ‘रन’चं दाबायचं आणि तीन-चार सेकंद दोन्ही हात तसेच ठेवायचे. फार वर गेलेली घरघर जरा खाली येते, अडखळते आणि एका चालीला लागते. मग पहिलं बटण सोडायचं. व्हॉल्व्ह तापायला आणखी थोडा वेळ. एवढं सगळं झाल्यावर वाजवायचं.

संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी गॅरेजमध्ये हे करत असतो. गाडी बाहेर बर्फात उभी आणि पेटी आत उबेला, यावर बायकोचं जे म्हणणं आहे ते तिने फोनवरून पुण्यापर्यंत पोचवलेलं आहे.

दोन बटणांचं कारण मला सांगावं लागलं नाही, कारण नोकरी सगळी विजेतच गेली. ही सिंक्रोनस मोटर आहे. तारेतून येणाऱ्या विजेच्या आवर्तनांशी एकदा तिची गाठ पडली की ती तसूभरही इकडेतिकडे होत नाही. पण ती स्वतःहून उठत नाही, तिला दुसऱ्याने वेगावर आणून द्यावं लागतं. लॉरेन्स हॅमंड मुळात घड्याळवाला. १८९५ साली शिकागोला लागूनच असलेल्या इव्हॅन्स्टनमध्ये जन्मलेला, शिक्षणाने यांत्रिकी इंजिनियर. त्याच्या विजेच्या घड्याळांना मागे एक चक्री असायची. वीज गेली की घड्याळ थांबायचं, आणि आल्यावर आपल्या हाताने फिरवून दिल्याशिवाय चालायचं नाही. उशिरा चालून चुकीची वेळ दाखवण्यापेक्षा सरळ बंद पडलेलं बरं, हा त्यातला बाणा मला आवडतो. पुढे मंदीत घड्याळांचा धंदा बसला. या गृहस्थाने पत्ते आपोआप पिसून वाटणारं ब्रिजचं टेबलसुद्धा काढून पाहिलं. मग १९३४ साली पेटंट आणि १९३५ मध्ये बाजारात ऑर्गन. त्याला स्वतःला वाजवता येत नव्हतं. सुरांच्या कारखान्याचा मालक सुरांच्या बाबतीत कोरा, हे ऐकून आमच्या अमेरिकेतल्या मराठी मंडळातले गवई हळहळतात. मला मात्र वाटतं, वाजवता येत असतं तर ते वाद्य त्याच्या हातून झालं नसतं.

आतलं पाहायचं तर मागचं फळकूट काढायचं. एका लांब पत्र्याच्या चौकटीत लोखंडी चकत्या दाटीने बसवलेल्या, प्रत्येक साधारण दोन इंच व्यासाची. कडेला दाते. सगळ्यात खालच्या सुराच्या चकतीला फक्त दोन, म्हणजे ती गोल कमी आणि लांबट जास्त. सगळ्यात वरच्या सुराच्या चकतीला १९२. प्रत्येकीसमोर एक लोहचुंबकाची कांडी आणि तिच्यावर तारेचं वेटोळं. दाता समोरून गेला की तारेत किंचित वीज हलते. सेकंदाला ४४० दाते गेले तर ४४०चा सूर. पाश्चात्त्यांचा ‘ए’, आपल्या पेटीवरची पांढरी सहा. प्रसिद्ध बी-थ्री मॉडेलमध्ये अशा ९१ चकत्या आहेत, आणि तुम्ही काही वाजवा न वाजवा, त्या सगळ्या एकाच वेळी फिरत असतात. सूर आधीच चाललेले असतात. पट्टी दाबल्याने फक्त एक वाट मोकळी होते.

या सगळ्या धुरांना तेल लागतं, आणि ते पोचवण्याची जी युक्ती आहे ती पाहून मी पहिल्यांदा मोठ्याने हसलो. वर तेल ओतायला छोट्या नळ्या. खाली पन्हळ. पन्हळीतून प्रत्येक धुरेपर्यंत कापसाचा एकेक दोरा. बस्स. तेल दोऱ्यातून आपलं आपण चढत-झिरपत जातं, निरांजनातल्या वातीत चढतं तसं. वर्षातून एकदा ओतलं की झालं. पण ज्या घरातला वाजवणारा जातो तिथे हे वर्षातून एकदाचं कामही थांबतं. दोरे कोरडे पडतात, उरलेलं तेल चिकट होऊन लाखेसारखं घट्ट बसतं, धुरा जाम होतात. अशा वेळी जोर करायचा नाही. तेल घालायचं, सोडून द्यायचं, दुसऱ्या दिवशी मोटरची दांडी दोन बोटांनी हलवून पाहायची. नाही हलली तर पुन्हा तेल, पुन्हा वाट पाहणं. या दुरुस्तीत कौशल्याचा भाग थोडा आहे, वाट पाहण्याचा फार.

माझं वाद्य बी-थ्री नव्हे. ते सुमारे १९० किलोचं धूड. आमच्या जिन्यांना आणि माझ्या पाठीला झेपणारं नाही. माझं एम-थ्री, घरगुती, १९५५ ते १९६४च्या दरम्यान निघत असलेलं. अमेरिकेत एके काळी दिवाणखान्यात सोफ्याच्या बाजूला हे असायचं आणि घरातल्या मुलीला शिकवणी असायची. आता ही वाद्यं लोक फुकट देतात. फक्त उचलून न्या म्हणतात. पलीकडच्या घरातल्या बाई घर विकून मुलाकडे राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनीही तेच म्हटलं. ऑर्गन त्यांच्या यजमानांचा. ते गेल्यापासून त्यावर फुलदाणी होती.

पट्ट्यांखालची सफाई करताना एक केसांची पिन निघाली, पेन्सिलीचं टोक, लिंकनचं डोकं असलेलं एक तांब्याचं नाणं आणि एक सोनेरी कागदाची चांदणी, शिकवणीच्या बाई वहीत चिकटवतात तसली. एका कोपऱ्यात उंदराने फेल्ट कुरतडून घरटं केलेलं. ते घरटं पाहून मात्र मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

कारण माझ्या लेखी ऑर्गन आणि उंदीर यांचा संबंध फार जुना. राजापूरकडच्या आमच्या गावात नाटकमंडळाचा एक पायाने वाजवायचा ऑर्गन होता. अमेरिकन बांधणीचा, हवा बाहेर फेकणारा नव्हे, आत ओढणारा. कुठल्या बोटीने, कुठल्या साहेबाच्या लिलावातून तो कोकणात उतरला देव जाणे. आमचे भाऊकाका प्राथमिक शाळेत मास्तर, आणि शिमग्यानंतर नाटक उभं राहिलं की ऑर्गनवर. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, पट्ट्या दाबल्या की वर यायला राजी नसायच्या. भात्याचं कातडं उंदीर खायचे, सुरांच्या पत्त्यांमध्ये झुरळं अंडी घालायची. मे महिन्यात भाऊकाका ऑर्गन अंगणात आणून उघडायचे. एकेक सूर आकड्याने बाहेर ओढायचा, मऊ ब्रशने झाडायचा, तोंडात धरून हवा ओढून पाहायची, बोलला की जागेवर. आम्हां पोरांना सूर रांगेने फडक्यावर मांडून ठेवायचं काम. रांग मोडली तर भाऊकाकांचा हात सुरात नसला तरी तालात बसायचा.

त्या ऑर्गनला इंग्रजी अक्षरांचे खटके होते. एकावर लिहिलेलं असायचं ‘व्हॉक्स ह्युमाना’, म्हणजे माणसाचा आवाज. तो ओढला की आत एक पुठ्ठ्याचा पंखा हवेच्या ओढीने फिरू लागायचा आणि सूर थरथरायचा. आम्हांला तो खटका फार आवडायचा. भाऊकाका तो नांदीला कधी ओढत नसत. “म्हातारा झाल्यासारखा वाटतो रे सूर,” म्हणायचे.

तिसरी घंटा होण्याआधीचा तो एक क्षण. धूप फिरलेला, गॅसबत्तीचा सूं आवाज, पडद्याच्या खालून दिसणारे दोन-तीन पाय. आणि भाऊकाका भाता भरायला लागले की आधी सूर नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. चामड्याचा, लाकडाचा, पायांच्या फळ्यांचा. मग त्यातून षड्ज निघायचा. मला वाटतं, संगीत नाटक हे मी सर्वांत आधी त्या फळ्यांच्या कुरकुरीत ऐकलं. बालगंधर्वांच्या कंपनीत ऑर्गन होता, तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखा माणूस होता, वगैरे थोर गोष्टी पुढे वाचल्या. आमच्या गावच्या तबलजीचं सलूनचं दुकान होतं.

हॅमंडला श्वास नाही. पट्टी दाबली की सूर ताबडतोब, पूर्ण भरून. सोडली की ताबडतोब नाही. पण एक गंमत आहे. बी-थ्रीत प्रत्येक पट्टीखाली नऊ बारीक संपर्क असतात, आणि बोट खाली जाताना ते सगळे एकाच क्षणी जुळत नाहीत. त्यामुळे सुराच्या तोंडाशी एक ‘टक्’ होतं. हॅमंड आणि त्याच्या इंजिनियरांना तो दोष वाटायचा. तो घालवायची त्यांनी खटपट केली. चर्चच्या प्रार्थनेत असलं टक्‌टक् कशाला? पण जॅझवाल्यांनी नेमकं तेच उचललं. १९५६च्या सुमाराला जिमी स्मिथ पुढे आला आणि त्याच्या हातात ते टक् तबल्याच्या शाईवरच्या बोटासारखं लयीला धार देऊ लागलं. आता तर नव्या डिजिटल वाद्यांमध्ये ते टक् मुद्दाम बनवून घालतात, आणि किती हवं ते कमी-जास्त करायला सोय देतात. बिचारा हॅमंड.

यामुळे दुरुस्ती करणाऱ्याची पंचाईत होते. खराब झालेलं म्हणायचं कशाला? जुन्या हॅमंडमध्ये मेण लावलेल्या कागदाचे कपॅसिटर असतात. वर्षानुवर्षं दमट हवा खाऊन त्यांचं मूल्य सरकतं, आणि वरचे सूर मंद, गोलसर होतात. नवे घातले तर वाद्य कारखान्यातून निघालं तेव्हासारखं लख्ख वाजतं. आणि काही जाणकार म्हणतात, हात लावू नका, तो मऊपणा पुन्हा मिळायचा नाही. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं चांगले कान असलेली आहेत. मी नोकरीत असतो तर तासाभरात सगळे कपॅसिटर बदलून कागदावर सही केली असती. इथे मात्र मी अॅम्प्लिफायरमधले तेवढे बदलले, कारण ते धोक्याचे असतात, उद्या पेट घेतील. सुरांकडचे तसेच ठेवले आहेत. पलीकडच्या बाईंचे यजमान जे ऐकत होते ते उजळ नव्हतं, सरकलेलंच होतं. त्यांची आठवण त्या सरकलेल्या सुराची. ती मी दुरुस्त कुठल्या अधिकाराने करू?

त्या निघण्याआधी एकदा येऊन ऐकून गेल्या. मी काय वाजवणार, एक साधा यमन धरला, उजव्या हाताने. त्या डोळे मिटून म्हणाल्या, “स्केटिंग रिंक.” चाकांचे बूट घालून गोल गोल फिरायच्या जागा इथे गावोगाव होत्या, आणि तिथे हॅमंड वाजायचा. चर्चमध्ये तोच, बेसबॉलच्या मैदानावर तोच, रेडिओवरच्या कौटुंबिक मालिकांमध्ये नायिका रडली की तोच, आणि माणूस गेला की अंत्यविधीच्या घरातही तोच. त्यांना माझ्या यमनात पॉपकॉर्नचा वास आला. मला त्याच सुरात धुपाचा आला होता. कुणाचा वास खरा?

कानाला फसवणं हा या वाद्याचा वारसाच आहे म्हणा. हॅमंड कंपनी विजेच्या पेटीला पाइप ऑर्गनच्या बरोबरीचं म्हणते म्हणून पाइप ऑर्गनवाले चिडले, प्रकरण फेडरल ट्रेड कमिशनपुढे गेलं, आणि १९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपलमध्ये परीक्षा झाली. तिथला खरा, प्रचंड पाइप ऑर्गन आणि लपवलेला हॅमंड, आळीपाळीने. जाणकार संगीतज्ञांचीसुद्धा साधारण एक तृतीयांश उत्तरं चुकली. मी त्या चॅपलमध्ये जाऊन बसलो आहे. उंच दगडी कमानी, आणि नुसतं खाकरलं तरी आवाज परतायला वेळ घेतो. तिथे फसायला फारसं काही लागत नसावं. तरी त्या तज्ज्ञांना हसायचं कारण नाही. आपण सगळा देश १९५४च्या ‘नागिन’मधल्या पुंगीवर डोललो. ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या छोट्या पेटीवर आणि रवी यांनी हार्मोनियमवर ती उभी केली होती. पुढे खरे गारुडी आपल्या खऱ्या पुंगीवर तीच चाल वाजवू लागले. नागाला पुंगी फारशी ऐकू येत नाही म्हणतात, तेव्हा त्याचं काही बिघडलं नाही.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याने व्हिडिओवर ऑर्गन पाहिला आणि म्हणाला, “दादा, परत येशील तेव्हा घेऊनच ये. इथे दुरुस्त करणारे आहेत.” दुरुस्त करणारे आहेतच. पुण्या-मुंबईकडे पेटी बनवणाऱ्यांच्या हातात जे कसब आहे त्यापुढे मी कुणी नाही. अडचण निराळी आहे. हा ऑर्गन अमेरिकेच्या विजेवर लावलेला आहे. इथे सेकंदाला ६० आवर्तनं. मोटर मिनिटाला १२०० फेरे घेते आणि त्या फेऱ्यांवर सगळ्या चकत्यांचं गणित बसवलेलं. आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलता येतात, आवर्तनं नाहीत. पुण्यात मोटर १०००वर फिरेल आणि ४४०चा सूर ३६७च्या आसपास लागेल. म्हणजे पांढरी सहा दाबायची आणि काळी तीन ऐकायची, तीही किंचित उतरलेली. निर्यातीसाठी कंपनी ५० आवर्तनांची वाद्यं काढायची. हे तसं नाही. आवर्तन बदलणारं यंत्र मध्ये बसवता येतं, हे मी भावाला सांगितलं, पण माझ्याच बोलण्यात जोर नव्हता.

तरुणपणी मी तिकडच्या एका उपकेंद्रात पाळीवर असे. पॅनेलवर वारंवारतेचा एक जुना मीटर होता. त्याला काटा नव्हता. पोलादी पत्त्यांची ओळ, प्रत्येक पत्ती एका ठरावीक आवर्तनाची. तारेत जेवढी आवर्तनं असतील तेवढ्याची पत्ती थरथरायची, शेजारच्या नुसत्या हलायच्या. भाऊकाकांच्या फडक्यावरचे सूर आणि ही ओळ यांच्यात मला तेव्हाही फरक करता येत नसे. संध्याकाळी सातला सगळ्या महाराष्ट्राचे दिवे लागले की पन्नासची पत्ती शांत व्हायची आणि डावीकडची, ४९च्या जवळची, जागी व्हायची. कधी तिच्याही डावीकडची. त्या विजेवर कुणी हॅमंड वाजवला असता तर राग रंगत असताना षड्जच खाली सरकत गेला असता, आणि तबलजीला हातोडी हातात धरूनच बसावं लागलं असतं. रात्री बाराला गिरण्या-पंप थंडावले की पुन्हा चढता षड्ज. एका अर्थी सगळं राज्य एकाच सुरात होतं, फक्त तो कुणाला ऐकू येत नव्हता.

पायाने हवा ओढायचं वाद्य अमेरिकेतून निघून राजापूरला पोचलं आणि पन्नास-साठ पावसाळे वाजलं. त्याला पाय हवे होते, ते कुठेही मिळतात. हे मात्र जिथल्या तारांवर जन्मलं तिथेच सुरात. मी स्वतः ५० आवर्तनांतून ६०मध्ये आलो तेव्हा मला असा काही प्रश्न आला नाही, किंवा आला असेल तर कुणी पट्टी दाबून पाहिली नाही.

आता यंदा आमच्या मंडळाने संगीत नाटकाचे प्रवेश करायचं ठरवलं आहे, आणि साथीला हाच ऑर्गन घ्यावा असं कुणाच्या तरी डोक्यात आलं. पहिली तालीम गॅरेजमध्ये झाली. मुख्य भूमिका करणाऱ्या वहिनी काळी चारमध्ये गातात. दोन पदं झाल्यावर म्हणाल्या, “भावजी, सूर पक्का आहे, तक्रार नाही. पण हा श्वासच घेत नाही हो. मग मी कुठे घेऊ?” मी वाजवताना बोटं मध्ये मध्ये उचलून पाहिली. मग उजव्या पायाखालच्या आवाजाच्या पायपट्टीने सूर भरत-ओसरत नेला, भाता भरल्यागत. बरं वाटलं, पण वहिनींची मान पूर्ण हलली नाही.

इथेच जन्मलेला एक मुलगा तबल्यावर आहे. तो पुढच्या वेळी आपल्या व्हॅनमध्ये लेस्ली स्पीकर घालून आणणार आहे. डॉन लेस्ली नावाच्या माणसाने १९४०च्या सुमाराला हा काढला. लाकडी कपाटात वर फिरणारा कर्णा, खाली फिरणारा ढोल. आवाज गोल फिरत बाहेर पडतो. लेस्लीने तो हॅमंडला दाखवला, हॅमंडने नको म्हटलं, आणि आज एकाचं नाव दुसऱ्याशिवाय कुणी घेत नाही. त्याला दोन वेग असतात. मुलाचं म्हणणं, नांदीच्या शेवटच्या षड्जावर वेग हळूवरून जलदवर न्यायचा, “काका, अख्ख्या हॉलला गूजबम्प्स येतील.” मंडळाचे ज्येष्ठ सभासद ताडकन म्हणाले, असलं थरथरणं नांदीत चालणार नाही, परंपरा आहे. मी त्यांना व्हॉक्स ह्युमानाच्या पुठ्ठ्याच्या पंख्याबद्दल सांगितलं. फिरता सूर आपल्या नाटकात आधीपासून आहे, म्हटलं. त्यावर मुलाने विचारलं, “मग तुमचे भाऊकाका तो नांदीला लावायचे?”

वहिनी हसल्या. ज्येष्ठ सभासद माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, स्पीकर तर आण आधी, दोन्ही वेगांवर वाजवून पाहू.